बैठकीतला बांबू

सकाळी केर काढताना सोफ्याखाली पिवळसर भुकटीची चिमूटभर रास दिसली, तेव्हा वाटले, हळद सांडली असेल. झाडून टाकली आणि विसरून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी तेवढीच भुकटी. आठवडाभरात सोफ्याच्या चारही पायांशी अशा चार राशी दिसू लागल्या. रात्री घर निजल्यावर कान लावून बसले, तर आतून बारीक कुरकुर ऐकू आली. कुणीतरी आमचा सोफा खात होते!

हा सोफा म्हणजे माझ्या हौसेचा विषय. २०१२ च्या दिवाळीआधी यवतमाळात भरलेल्या एका प्रदर्शनातून मी तो आणला होता. संपूर्ण बांबूचा. मधाच्या रंगाचे चकचकीत पॉलिश, वळणदार हात, सोबत दोन खुर्च्या. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मनाने घेतलेली ती पहिली मोठी वस्तू. सामान टेम्पोतून उतरले तेव्हा सासूबाईंनी उंबऱ्यातूनच पाहिले आणि म्हणाल्या, "हे काय गं? तिरडीचं सामान बैठकीत मांडणार?"

मी हसण्यावारी नेले. आठ महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, भुकटीच्या राशी पडू लागल्या आणि सासूबाईंचे म्हणणे खरे ठरल्यासारखे झाले. विकणाऱ्याचा पत्ता पावतीवर होता, पण तिथे कुणी दाद दिली नाही. ह्यांनी एक दिवस काही न बोलता सोफा गच्चीवर नेऊन ठेवला. पुढे तो मोडायला आला, तेव्हा मी म्हटले, बंबात घालू. तर सासूबाई पुन्हा आडव्या आल्या. "बांबू जाळू नये. वंश जळतो." म्हणजे ठेवायचा नाही आणि जाळायचाही नाही! तो तसाच गच्चीवर ऊन खात राहिला.

पण त्यांच्या त्या दोन वाक्यांनी मला विचारात पाडले. संस्कृतात वंश म्हणजे कूळ आणि वंश म्हणजे बांबूही. मूल जन्मले की पाचवीला त्याला सुपात निजवतात. लग्नात वरमाईला ऐरणीदान देतात, त्याचे शास्त्रातले नाव वंशपात्रदान. ती बांबूचीच टोपली. आणि शेवटचा प्रवास दोन बांबूंवर. म्हणजे जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही वेळी आपल्याला बांबू लागतो. मधली साठ-सत्तर वर्षे मात्र तो घराच्या मागच्या दारी असतो. धान्याच्या खोलीत सूप, अंगणात टोपली, परसात ताटी. पुढच्या खोलीत, पाहुण्यांसमोर, त्याला जागा नाही. तिथे सागवान. आणि सागवान परवडले नाही, तर सागवानाचा रंग दिलेला भुशाचा दाबलेला बोर्ड.

'बांबूचा गुन्हा नाई जी'

आमच्या गल्लीत वर्षातून दोनदा एक बुरूड मामाजी सुपे-टोपल्या घेऊन येत. पन्नाशी उलटलेले, बोटे कामट्यांनी कापून कापून खरबरीत झालेली. एकदा जुनी सुपे ठेवायला मी त्यांना गच्चीवर नेले, तर त्यांचे लक्ष सोफ्याकडे गेले. जवळ जाऊन त्यांनी एका पायाला नखाने टिचकी मारली, छिद्रांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले,

"बाई, ह्यात बांबूचा गुन्हा नाई जी. कापनाऱ्याले घाई होती."

मग त्यांनी मला जे सांगितले, ते मी पंचवीस वर्षे मुलांना विज्ञान शिकवूनही मला ठाऊक नव्हते. "तीन वर्साचा झाल्याबिगर बांबूले हात लावू नये. पावसाळ्यात त कोयता टांगूनच ठेवा लागते. अन् कापल्यावर पान्यात मुरवा लागते. हे तीन केलं नाई, त भुंगा येनारच."

नंतर मी पुस्तके चाळली, तेव्हा मामाजींच्या तीन वाक्यांत सगळे शास्त्र आलेले दिसले. बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. ज्वारी, गहू आणि ऊस यांच्याच कुळातले. पावसाळ्यात कोंब फुटतो आणि दोन-तीन महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंच होत नाही की जाड होत नाही, फक्त आतून टणक होत जातो. त्याला तीन-चार वर्षे लागतात. कोवळा बांबू कापला तर वाळताना आक्रसतो, सांधे ढिले होतात. बांबूच्या पोटात पिष्ट साठलेले असते, नव्या कोंबांसाठीची ती शिदोरी. भुंगेरा येतो तो या पिष्टासाठी. लाकूड पोखरणे हा त्याचा उद्देश नाही, त्याला जेवण हवे असते. वाहत्या पाण्यात बांबू काही आठवडे बुडवून ठेवला की हे पिष्ट बरेचसे निघून जाते. आजचे कारागीर त्याऐवजी टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणात बांबू मुरवतात. आपण कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर, तीच ही. जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्याचे बांबू वर्षानुवर्षे टिकत, कारण त्यांना रोज धूर मिळे.

माझ्या चकचकीत सोफ्याला यातले काहीच मिळाले नव्हते. मिळाले होते ते फक्त पॉलिश.

मामाजींनी आणखी एक गोष्ट दाखवली. सोफ्याचे सांधे खिळे ठोकून जोडले होते आणि प्रत्येक खिळ्यापाशी बांबू उभा चिरला होता. "बांबूले खिळा ठोकत नाई. भोक पाडून बांबूचीच खुंटी मारतेत, अन् सांधा पेराजवळ घेतेत," ते म्हणाले. तरुणपणी एका शिबिरात ते खुर्च्या करायला शिकले होते. गिऱ्हाईक मिळाले नाही, म्हणून पुन्हा सुपांकडे वळले.

गवत, ज्याला कायदा झाड म्हणे

हाताशी जंगल आणि बोटांत कसब असताना गिऱ्हाईक का मिळत नाही? यवतमाळ जिल्हा म्हटले की लोकांना आठवतो कापूस, सागवान आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या. बांबूचे नाव कुणी घेत नाही. पण नोकरीच्या सुरुवातीला मी झरी भागातल्या शाळेत होते. तिथल्या कोलाम पोडांवर घराच्या भिंती बांबूच्या ताट्यांच्या, वर शेणमातीचा लेप. शाळा सुटल्यावर मुलांना पोचवायला गेले की आईबाप अंगणात टोपल्या विणताना दिसत. केळापूर, मारेगाव, वणी, झरी या पट्ट्यात हा समाज पिढ्यान्‌पिढ्या बांबूवर काम करत आला आहे. राज्यातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींत त्याची गणना होते. दुसऱ्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड.

बुरूडांची परंपराही तितकीच जुनी. हा समाज ज्यांना गुरू मानतो ते केतय्या स्वामी बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले शरण. बांबूच्या टोपल्या विणत त्यांनी भक्ती केली. कसब असे आठशे वर्षांचे, पण कच्चा माल मात्र सरकारी कुलपात. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूही घातला. गवताला कायद्याने झाड केले! शेताच्या बांधावरचा बांबू असला, तरी तोडायचा आणि न्यायचा तर परवान्याचा प्रश्न येई. नोंदणी असलेल्या बुरुडांना वन विभागाच्या आगारातून सवलतीत बांबू देण्याची सोय झाली खरी, पण आगारातल्या ढिगातून मिळेल तो बांबू घेणे वेगळे आणि रांजीतून पारखून तीन वर्षांचा बांबू काढणे वेगळे. टोपलीला पहिला चालतो. खुर्चीला दुसराच लागतो.

शेजारच्या कर्नाटकातली एक हकिगत या संदर्भात सांगण्याजोगी आहे. १९७५ च्या सुमारास तिथल्या टोपल्या विणणाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले की कागद कारखान्यामुळे बांबू संपत चालला आहे. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी जंगलात फिरून अभ्यास केला. त्यांना दिसले, की तोड सोपी व्हावी म्हणून कारखान्याची माणसे रांजीच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ करत होती. ते कुंपण गेले आणि नवे कोंब गुराढोरांच्या तोंडी पडले. हेच काटे कोंबांचे रक्षण करतात, हे गावकऱ्यांना माहीत होते. कारखान्याला हा बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने मिळत आला होता. टोपलीवाल्याला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे.

आमच्या विदर्भात या गोष्टीला चांगले वळण मिळाले ते गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा अधिकार गावाला मिळाला. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम निघाला आणि जंगलाबाहेर वाढणारा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. ९० वर्षांनी गवत पुन्हा गवत झाले.

आठ महिन्यांची खुर्ची

२०१४ च्या उन्हाळ्यात मी मामाजींना म्हटले, "मला एक खुर्ची करून द्या. फक्त एक. हातांची, पाठीला उंच."

ते खूश झाले, पण लगेच कामाला लागले नाहीत. "आत्ता नाई. दिवाळी होऊन जाऊ द्या. थंडी पडली का कापतो." मी म्हटले, एवढे दिवस? ते म्हणाले, "मंग मागच्या सोफ्यासारखा पाह्यजे का?"

किंमत विचारली, तर बराच वेळ बोटे मोडून त्यांनी सांगितले, साडेचार हजार. माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "तीन हजारांत बसवा ना, मामाजी." ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, काचेमागं ठेवली असती त भाव केला असता का तुमी?"

रात्री मी कागदावर हिशेब मांडला. कापणे, आणणे, मुरवणे, सावलीत वाळवणे, तासणे, जोडणे, विणणे. यात त्यांचे हाताचे दिवस अकरा. बांबू, टाकणखार आणि दोरी यांचा खर्च वजा केला, तर दिवसाला तीनशे रुपये पडत होते. त्या वर्षी आमच्या घरी गवंडी काम करत होता, त्याच्या हाताखालच्या माणसाला आम्ही तेवढीच मजुरी देत होतो. मी स्वतःला सुशिक्षित, पर्यावरणाची कळकळ असलेली बाई समजत होते. शाळेत वृक्षदिंडीत पुढे असायचे. आणि आठशे वर्षांच्या कसबाला मी बिनशिकाऊ मजुरीपेक्षाही कमी देऊ पाहत होते! सकाळी अर्धे पैसे आगाऊ नेऊन दिले, ठरल्या भावाने.

जानेवारीत खुर्ची आली. आमच्याकडच्या मानवेल बांबूची. हा बांबू कोरड्या जमिनीत जवळजवळ भरीव होतो, म्हणूनच लाठ्याकाठ्यांना तो पसंत. पॉलिश नव्हते, जवसाचे तेल चोळून रंग आणला होता. बैठक कामट्यांच्या विणीची. पायांना खाली रबरी बुचे, ओल वर चढू नये म्हणून. मामाजींनी निघताना बजावले, "फरशी पुसली का कोरडी होईस्तोवर उचलून ठेवा. वर्सातून एकदा तेल पाजा. मंग पाहा."

काय हवे, काय नको

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बांबू हा काही जादूचा दिवा नाही. बांधावर लावला की तिसऱ्या वर्षी पैसा, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. रांजी तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात आणि तोड नीट झाली नाही, तर रांजी मरते. पण एक खरे. साग कापला की पुन्हा तेवढा व्हायला माणसाचे आयुष्य जाते. बांबूच्या रांजीतून तयार बांबू दरवर्षी काढता येतात आणि रांजी जिवंत राहते. घर भरले तरी रान रिकामे होत नाही.

हे जगाने ओळखले आहे. बंगळूर विमानतळाच्या २०२२ मध्ये उघडलेल्या नव्या इमारतीचे छत बांबूने सजले आहे. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनात त्रिपुरातल्या बांबूच्या फरशा आहेत. आपल्याकडेही हे काम करणारी माणसे झाली. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांनी 'वेणू भारती' हा बांबूवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. सुनील आणि निरुपमा देशपांडे या दांपत्याने मेळघाटात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र उभारून कोरकू आणि इतर आदिवासी तरुणांना हे कसब शिकवले. तळकोकणात कुडाळला कोनबॅक ही संस्था बांबूची घरे आणि फर्निचर तयार करते. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. कुणाला शिकायचे असेल, तर दार बंद नाही.

आणि बांबूच कशाला? शेवटची वेचणी झाली की आमच्या जिल्ह्यातल्या शेताशेतांत पऱ्हाटीचे ढीग पडतात. थोड्या चुलीत जातात, बाकीच्या धुऱ्यावर पेटतात. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने या पऱ्हाटीचा भुगा दाबून टेबले, दारे आणि कपाटे यांना चालणारे बोर्ड करून दाखवले आहेत. अडचण तंत्राची नाही. पऱ्हाटी हलकी आणि आकाराने अवाढव्य. ती वेळेत गोळा करून कारखान्यापर्यंत नेणे हेच महाग पडते. जिथे पिकते तिथेच छोटे कारखाने निघाले, तर हे गणित बदलू शकेल. ज्या पिकाने आमच्या शेतकऱ्याला इतके रडवले, त्याच्या काड्यांचे तरी चार पैसे त्याच्या हाती पडावेत.

पण कायदा बदलला, तंत्र आले, केंद्रे निघाली, तरी शेवटचा प्रश्न उरतोच आणि तो सरकारचा नाही, आपला आहे. आपण बांबूला पुढच्या खोलीत बसवणार का? आठ महिने थांबणार का? आणि काचेमागे नसलेल्या वस्तूला काचेमागची किंमत देणार का? मामाजींचा मुलगा पुण्याला एका मॉलमध्ये पहारेकरी आहे. बापाने मला सांगितले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "महिन्याच्या महिन्याले पगार येते जी त्याले," एवढेच म्हणाले. मामाजींच्या वर्षाला दहा-बारा खुर्च्या जरी खपल्या असत्या, तरी तो कदाचित परत आला असता. मी माझ्या ओळखीत खपवल्या, त्या पाच.

खुर्ची आली तेव्हा सासूबाई ८३ वर्षांच्या होत्या. पहिले काही दिवस त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. मग एका थंडीच्या सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर खुर्ची जागेवर नव्हती. त्या तिला स्वतःच ओढत ओसरीत उन्हात घेऊन गेल्या होत्या आणि डोळे मिटून बसल्या होत्या. मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "तुझ्या सागवानी खुर्च्या मला हलत नाहीत. ही हलते. कुणाला हाक मारावी लागत नाही."

त्यानंतर पाच वर्षे ती खुर्ची त्यांचीच होती. सकाळी ओसरीत, दुपारी खिडकीशी, संध्याकाळी देवासमोर. ऊन सरकेल तशी त्या ती सरकवत.

२०१९ च्या पौषात त्या गेल्या. त्या दिवशी दारात दोन बांबू आले, हिरवे, नुकते कापलेले. रीतीप्रमाणे सगळे झाले. सगळे गेल्यावर घरात आले, तर ओसरीत त्यांची खुर्ची उन्हाला तोंड करून तशीच होती.

आता तिच्यावर मी बसते. रोज सकाळी केर काढताना जुन्या सवयीने पायांपाशी वाकून पाहते. इतकी वर्षे झाली. भुकटी नाही.